गणितोपासक कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

आमच्या घरोघरी मुलांची विद्वत्ता गुणांनी व पदव्यांनी मोजण्याचा प्रघात आहे. या मापात न बसणाऱ्या एका शिक्षकाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच ते मातृसुखास अंतरले. वडील कारकून, परंतु त्यांना ज्योतिषाचा छंद असल्याने आकडेमोडीची गोडी मुलास घरीच लागली. ठाण्यास शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. त्यानंतर १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. त्याहून वरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

त्यांच्या संशोधनाचा मासला म्हणून एक मोठी संख्या घेऊ. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. मधला ९ वेगळा ठेवून डावीकडील १२३४५६७८ व उजवीकडील ८७६५४३२१ यांची बेरीज करावी. ९९९९९९९९ येते, म्हणजे मधल्याच अंकाची पुनरावृत्ती होते. अशा संख्यांना कापरेकरांनी डेम्लो हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचेच हे नाव होय. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. कारण उघड आहे: मूळ संख्येस ९ ने भाग जातो, तेव्हा तिच्या वर्गास ८१ ने जाणारच. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येस त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे म्हटले.

हे सारे क्षुल्लक आहे, असे म्हणून अनेक जाणत्यांनी त्यांची थट्टा केली. कापरेकर खचले नाहीत. पदरमोड करून पुस्तिका छापीत राहिले. १९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म आढळला व १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील प्रसिद्ध मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने उतारवयातही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या वाट्यास आलेली उपेक्षा आपल्या घरातील मुलाच्या वाट्यास येऊ नये. एखादे मूल अभ्यासक्रमाबाहेरच्या गणितात रमलेले दिसले, तर पालकांनी रागावण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून वरील बेरीज एकदा करून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.