डॉक्टर झाला, पण दवाखाना काढला नाही

आपल्या हॉस्टेलवर रात्री अकरानंतर कुठल्याही मजल्यावर फेरी मारा. एका तरी खोलीत लॅपटॉपभोवती पाच-सहा टाळकी जमलेली असतात. नारुटो, वन पीस, डेथ नोट, काहीतरी चालू असतं. मेसमध्ये भाजीवरून होत नाहीत इतके वाद गोकू मोठा का सैतामा मोठा यावर होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये डेमन स्लेअरचा ‘इन्फिनिटी कॅसल’ लागला तेव्हा इस्लामपुरातनं कोल्हापूर गाठणारी पोरं कमी नव्हती. पण याच पोरांना ओसामू तेझुका कोण, असं मी विचारत गेलो तर बहुतेकांनी उलट मलाच विचारलं, कुठल्या सिरीजमधला? म्हणून हा लेख. (तेझुकाला मी अहो-जाहो करणार नाही. सचिनला आपण कुठं करतो?)

तेझुकाचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. वाढला मात्र ताकाराझुका नावाच्या गावात. या गावाची ओळख म्हणजे तिथली संगीत नाटक कंपनी. तिच्यात सगळ्या बायकाच, पुरुषाच्या भूमिकाही बायकाच करतात. आपल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांचं बरोबर उलटं! आई त्याला लहानपणापासून ही नाटकं बघायला न्यायची. रंगमंचावरच्या त्या मोठ्या, रंगवलेल्या, चमकणाऱ्या डोळ्यांचा परिणाम पुढं त्याच्या चित्रांवर झाला. वडिलांनी घरात एक छोटा प्रोजेक्टर आणला होता, त्यावर चॅप्लिन आणि डिस्नेच्या फिल्मा लागायच्या. ॲनिमेतले डोळे एवढे मोठे का, हा प्रश्न आपल्याला घरचे हमखास विचारतात. त्याचं निम्मं उत्तर ताकाराझुकाच्या नाटकात आणि निम्मं डिस्नेच्या ‘बॅम्बी’त आहे. ‘बॅम्बी’ त्यानं ऐंशीच्या वर वेळा पाहिला, असं सांगतात. तेव्हा ॲनिमे म्हणजे कार्टून नव्हे, असं छाती फुगवून सांगणाऱ्या आपल्या मित्रांनी जरा दमानं घ्यावं. ज्यानं ॲनिमे उभं केलं तो कार्टूनचा भक्त होता.

पोरगा किरकोळ, चष्मेवाला, कुरळ्या केसांचा. शाळेत चिडवला जायचा. त्याला नाद दोन, चित्रं काढायचा आणि किडे गोळा करायचा. किड्यांच्या वह्याच्या वह्या त्यानं भरल्या, पाय न् पाय, मिशी न् मिशी अचूक. जपानीत ओसामुशी नावाचा एक भुंगेरा असतो. त्यावरून त्यानं आपल्या ओसामू या नावापुढं किडा या अर्थाचं अक्षर लिहायला सुरुवात केली आणि ते आयुष्यभर ठेवलं. पुढं स्टुडिओ काढला त्याचंही नाव मुशी, म्हणजे किडाच.

मग युद्ध आलं. शाळकरी पोरांना कारखान्यात जुंपलं होतं, तेझुकालाही. तिथंही तो चोरून चित्रं काढायचा. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा हा कारखान्याच्या टेहळणी बुरुजावर होता. खाली माणसं मेली, हा वाचला. १५ ऑगस्टला युद्ध संपलं आणि त्या रात्री शहरातले दिवे लागले. इतके दिवस ब्लॅकआउट होता. ते दिवे बघून आपण जिवंत आहोत, आता चित्रं काढता येतील, हे त्याला कळलं. हे त्यानं पुढं अनेकदा सांगितलं. त्याच्या गोष्टींत माणसं एवढी का मरतात आणि तरी गोष्ट निराश का होत नाही, याचं मूळ मला त्या रात्रीत दिसतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्याच वर्षी तेझुका ओसाकाच्या मेडिकलला लागला. लहानपणी त्याच्या हातांना असा संसर्ग झाला होता की हात कापायची वेळ आली होती. एका डॉक्टरनं ते वाचवले, म्हणून याला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलला जाऊन काही महिने होत नाहीत तोवर, जानेवारी १९४६ मध्ये, वर्तमानपत्रात याची चार चौकटींची मालिका सुरू. १९४७ मध्ये ‘नवं खजिन्याचं बेट’ हे पुस्तक आलं आणि त्याच्या चार लाख प्रती खपल्या असं म्हणतात. ज्या देशात जेवायची मारामार होती तिथं! पुस्तकाची सुरुवातच अशी की एक पोरगा मोटार पळवतोय आणि चौकटीगणिक मोटार अंगावर येतेय. सिनेमाचा कॅमेराच त्यानं कागदावर आणला होता.

पुढची काही वर्षं याची दोन्हीकडं ओढाताण. लेक्चरला बसून वहीत चित्रं, आणि प्रकाशकांसाठी टोकियोच्या चकरा. (त्याच्या मेडिकलच्या वह्यांतल्या शरीररचनेच्या आकृत्या बघाव्यात. आपल्या ग्राफिक्सच्या सरांनीसुद्धा शेरा न मारता सही केली असती.) एका प्राध्यापकांनी तर त्याला सरळ सुनावलं होतं की तू डॉक्टर झालास तर पेशंटचं काही खरं नाही. शेवटी त्यानं आईला विचारलं, काय करू? तिनं उलट विचारलं की तुला मनापासून काय आवडतं. तो म्हणाला मंगा. मग तेच कर, असं ती म्हणाली. १९५० च्या आसपासची ही गोष्ट आहे, हरलेल्या देशातली. मंगा म्हणजे पोरं बिघडवणारी चीज, असं समजायचे तेव्हा. आपल्यापैकी किती जणांनी घरी हा प्रश्न विचारून बघितलाय? मी विचारलेला नाही. माझ्या शेजारच्या खोलीतल्या एकानं विचारला. त्याचा बाप ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो. बापानं उत्तर दिलं नाही, फक्त फी किती राहिली ते विचारलं. मला त्या बापाचा राग येत नाही.

तेझुकाचं मला विशेष वाटतं ते हे, की निर्णय झाल्यावरही त्यानं शिक्षण अर्धवट टाकलं नाही. १९५१ मध्ये तो पास झाला, पुढं डॉक्टरकीचा परवानाही घेतला. १९६१ मध्ये तर नारा मेडिकल विद्यापीठातनं डॉक्टरेटही मिळवली, विषय गोगलगायीच्या शुक्रपेशी! दवाखाना मात्र कधी काढला नाही.

१९५२ मध्ये ‘शोनेन’ मासिकात ‘लोखंडी हातांचा ॲटम’ सुरू झाला, म्हणजे ॲस्ट्रो बॉय. डॉक्टर तेन्मा या शास्त्रज्ञाचा मुलगा मोटार अपघातात जातो. तो त्याच्यासारखा रोबोट बनवतो. पण रोबोट वाढत नाही, उंच होत नाही. चिडून बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो. लाख हॉर्सपॉवरचा हा पोरगा माणसं आणि यंत्रं यांच्यामध्ये कायम अडकलेला. गोष्टीत ॲटमचा जन्म ७ एप्रिल २००३ ला झाला, असं लिहिलं होतं. ती तारीख खरोखर उजाडली तेव्हा जपाननं वाढदिवस साजरा केला आणि नीझा शहरानं त्याला रहिवासी म्हणून नोंदवूनसुद्धा घेतलं. जपानमधले रोबोट बनवणारे कितीतरी इंजिनिअर ॲटम वाचून या क्षेत्रात आले.

इथं हॉस्टेलचा विषय येतोच. टोकियोत तोकिवा-सो नावाची दुमजली लाकडी चाळ होती. १९५३ मध्ये तेझुका तिथं एका खोलीत राहायला आला. वर्ष-दीड वर्षानं सोडून जाताना टेबल आणि भरलेलं डिपॉझिट तसंच ठेवलं, दोन होतकरू पोरांसाठी. ही दोन पोरं मिळून फुजिको फुजिओ या नावानं लिहायची. त्यातल्या एकानं पुढं डोरेमॉन काढला. हो, आपण हंगामा चॅनलवर बघितला तोच. इशिनोमोरी, अकात्सुका असे पुढं मोठे झालेले कितीतरी जण त्याच चाळीत राहत होते. ती इमारत १९८२ मध्ये पाडली, पण २०२० मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून संग्रहालय केलं. सिनिअरनं रूम सोडताना ज्युनिअरसाठी काय ठेवावं? आपल्याकडं तुटकी बादली ठेवतात.

आता ॲनिमे. १९६० च्या सुमाराला दर आठवड्याला अर्ध्या तासाची चित्रमालिका करणं अशक्य समजलं जायचं. साधा हिशोब करू. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम. २५ मिनिटांच्या ३६ हजार फ्रेम झाल्या. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी १८ हजार चित्रं, दर आठवड्याला. तेझुकाच्या मुशी प्रॉडक्शननं तीन फ्रेमला एक चित्र केलं. बोलताना फक्त ओठ हलवले. चेहरा स्थिर ठेवून मागचं दृश्य सरकवलं. ॲटम उडतो ते चित्र जपून ठेवून दर भागात पुन्हा वापरलं. अशी कात्री लावत लावत एक भाग दोन-एक हजार चित्रांत बसवला. आपल्याकडं दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला आगकाड्या एकेक सरकवून फिल्म केली होती. जिद्द तीच, पण इथं दर आठवड्याची डेडलाइन होती. १ जानेवारी १९६३ ला पहिला भाग दाखवला आणि १९६६ च्या शेवटच्या दिवशी १९३ वा. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेतही तो ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून दिसू लागला.

पण याची दुसरी बाजू आपले फॅन लोक सांगत नाहीत. दुसऱ्या कुणी स्पर्धेत उतरू नये म्हणून तेझुकानं चॅनलला मालिका खर्चापेक्षा कमी किमतीत दिली. तोटा खेळण्यांतनं आणि चॉकलेटबरोबरच्या स्टिकरमधनं भरून काढायचा. त्याचा स्वतःचा मेळ काही वर्षं बसला. पण दर एकदा पडला तो पडला. जपानमधले ॲनिमेटर आजही फुटकळ पैशांत रात्री जागवतात आणि त्याचा दोष बरेच जण तेझुकाला देतात. तेझुका गेल्यावर त्याच वर्षी मियाझाकींनी हे उघड लिहिलं. मंगाकार म्हणून आदर, पण ॲनिमेशनमधलं त्याचं वागणं पटलं नाही, असा त्यांचा सूर होता. मला वाटतं दोष एकट्याचा नाही, नंतरच्या साठ वर्षांत दर वाढवायला कुणी कुणाचा हात धरला नव्हता. पण सुरुवात त्यानं केली, हे खरंच.

माणूस म्हणूनही तो सरळ देव नव्हता, जपानी लोक त्याला मंगाचा देव म्हणत असले तरी. (देव करून टाकायची घाई आपल्याला काय, त्यांना काय, सारखीच.) मत्सर भारी. धाकट्या इशिनोमोरीचा एक प्रयोग गाजायला लागला, तेव्हा याला मंगाच म्हणता येणार नाही असं यानं कुणा वाचकाला लिहून टाकलं. इशिनोमोरी दुखावला. मग हा स्वतः त्याच्या घरी जाऊन माफी मागून आला. कबूल केलेल्या तारखेला काम कधी द्यायचा नाही. संपादक घरी मुक्काम ठोकून बसायचे. त्यांनी त्याच्या ओसामुशी नावाचं ओसोमुशी, म्हणजे उशीरकिडा, आणि उसोमुशी, म्हणजे थापाड्या किडा, करून टाकलं होतं. सबमिशनच्या आठवड्यात ही नावं आपल्या मजल्यावर सहज खपतील.

१९७१ मध्ये तो मुशीच्या अध्यक्षपदावरनं बाहेर पडला, १९७३ मध्ये कंपनी बुडाली. कर्ज डोक्यावर, आणि नवी पिढी म्हणायला लागली की म्हातारा संपला. वय ४५. अशा वेळी एका साप्ताहिकानं त्याला चार-पाच भागांची जागा दिली, जवळजवळ निरोप समारंभ म्हणूनच. त्यानं ‘ब्लॅक जॅक’ आणला. परवाना नसलेला सर्जन, अफाट फी मागणारा, चेहऱ्यावर टाक्यांचा वण. न काढलेला दवाखाना त्यानं असा कागदावर काढला. मेडिकलची सगळी वर्षं इथं कामाला आली. चार-पाचचे दोनशे चाळीसच्या आसपास भाग झाले.

त्याच काळात, १९७२ ते १९८३, तो ‘बुद्ध’ काढत होता. इंग्रजीत आठ खंड आहेत. आपल्या वाचकानं तेझुकाचं एकच वाचायचं तर हे वाचावं. पहिल्या खंडात सिद्धार्थ जवळजवळ नाहीच. आहे तो चाप्रा नावाचा शूद्र गुलाम पोरगा, ज्याला जात लपवून सरदार व्हायचंय, आणि तत्ता नावाचा, त्याच्याही खाली ढकललेला, जनावरांच्या मनात शिरू शकणारा पोरगा. जपानमध्ये बसून त्यानं बुद्धाची गोष्ट जातीपासून सुरू केली. १९५६ नंतरच्या महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्याला ती सुरुवात परकी वाटतच नाही. मधे मधे फालतू विनोद आहेत, मोटारी आणि टेलिफोन घुसवलेत. काही जणांना ते खटकतं. मला नाही खटकलं, आपल्या कीर्तनकारांना हे सवयीचंच आहे. १९९२ चा युगो साको आणि आपले राम मोहन यांचा ‘रामायण’ आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, जानेवारी २०२५ मध्ये थिएटरातही आला. ‘बुद्ध’ त्याच्या वीस वर्षं आधी सुरू झाला होता.

शेवटी पोटाचा कॅन्सर झाला. तेव्हाच्या जपानी रिवाजाप्रमाणं त्याला आजाराचं नाव सांगितलंच नाही. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाला! दवाखान्यातल्या खाटेवर तीन मालिका चालू होत्या, तिन्ही अपुऱ्या राहिल्या. आयुष्यभर लिहीत आणलेला ‘फिनिक्स’ही अपुरा. शेवटपर्यंत तो कागद-पेन्सिल मागत होता, काम करू द्या म्हणत होता. ९ फेब्रुवारी १९८९ ला गेला, साठाव्या वर्षी. महिन्याभरापूर्वीच सम्राट हिरोहितो गेले होते.

एकूण काम दीड लाख पानं धरतात. त्रेचाळीस वर्षांनी भागलं तर रोज साडेनऊ पानं, रविवार न सोडता. मदतनीस होते हे धरूनही आकडा अंगावर येतो. याचं स्टेटस ठेवून नाईट मारणारे माझे मित्र आहेत. मी त्यांना तो साठ हा आकडाही सांगतो.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी नेटफ्लिक्सवरचा ‘प्लूटो’ बघावा. ॲटमच्याच एका गोष्टीवरनं नाओकी उरासावानं तो नव्यानं लिहिला, २०२३ मध्ये ॲनिमे आलं. ‘बुद्ध’चे आठही खंड माझ्याकडं आहेत, म्हणजे होते. तिसरा खंड दोन सेमिस्टर हॉस्टेलवर फिरतोय. ज्याच्याकडं असेल त्यानं पी.एल. लागायच्या आत रूमवर आणून द्यावा, चौथा घेऊन जावा.