हेन्री जॉर्ज

हेन्री जॉर्ज (२ सप्टेंबर १८३९ – २९ ऑक्टोबर १८९७) हे अमेरिकन पत्रकार, राजकीय अर्थशास्त्रज्ञ व समाजसुधारक होते. देशाची संपत्ती वाढत असताना दारिद्र्यही का वाढते, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर मागोवा घेतला. जमिनीच्या मूल्यावर एकमेव कर आकारून इतर सर्व कर रद्द करावेत, हा त्यांच्या विचारांचा गाभा होय. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी (प्रगती आणि दारिद्र्य) हा त्यांचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात अर्थशास्त्रावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक ठरला. त्यांच्या विचारसरणीला जॉर्जवाद असे म्हणतात.

जन्म आणि सुरुवातीचे जीवन

हेन्री जॉर्ज यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात एका निम्न मध्यमवर्गीय, धर्मपरायण कुटुंबात झाला. दहा भावंडांमध्ये ते दुसरे होते. त्यांचे वडील काही काळ धार्मिक पुस्तकांच्या प्रकाशनाचा व्यवसाय करीत. जॉर्ज यांचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षाच्या आतच संपले. एप्रिल १८५५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते 'हिंदू' नावाच्या व्यापारी जहाजावर खलाशी पोऱ्या म्हणून रुजू झाले. या जहाजाने ते मेलबर्न व कलकत्ता येथे गेले. कलकत्त्यात श्रीमंती व हलाखी शेजारी शेजारी नांदताना त्यांनी पाहिली आणि तो ठसा त्यांच्या मनावर कायम राहिला. सुमारे चौदा महिन्यांनी परतल्यावर त्यांनी छापखान्यात जुळाऱ्याचे काम शिकून घेतले.

१८५८ मध्ये ते कॅलिफोर्नियात पोहोचले. सोन्याच्या शोधात त्यांनी ब्रिटिश कोलंबियापर्यंत मजल मारली. पण हाती काही लागले नाही आणि ते पुन्हा खिळे जुळवण्याच्या कामाकडे वळले. ३ डिसेंबर १८६१ रोजी त्यांनी ॲनी कोर्सिना फॉक्स या सिडनीत जन्मलेल्या अनाथ तरुणीशी विवाह केला. तिच्या मामाचा विरोध असल्याने हा विवाह घरच्यांच्या संमतीविना झाला. पुढील काही वर्षे या दांपत्याने अत्यंत हलाखीत काढली. जानेवारी १८६५ मध्ये दुसऱ्या मुलाचा जन्म झाला तेव्हा घरात अन्न नव्हते. जॉर्ज रस्त्यावर उतरले व त्यांनी एका अनोळखी गृहस्थाकडे पाच डॉलर मागितले. त्या गृहस्थाने ते दिले. आपण त्या दिवशी कोणत्याही टोकाला जाण्याच्या मनःस्थितीत होतो, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले होते.

पत्रकारिता

त्याच वर्षी अब्राहम लिंकन यांच्या हत्येनंतर जॉर्ज यांनी लिहिलेला मजकूर, ते ज्या वृत्तपत्रात जुळारी होते त्यातच प्रसिद्ध झाला आणि त्यांचा पत्रकारितेत प्रवेश झाला. काही वर्षांतच ते संपादकीय विभागात पोहोचले. १८६८ मध्ये ओव्हरलँड मंथली या मासिकात त्यांनी येऊ घातलेल्या आंतरखंडीय रेल्वेविषयी लेख लिहिला. रेल्वेमुळे कॅलिफोर्नियाची भरभराट होईल, हे सर्वांनी गृहीत धरले होते. जॉर्ज यांनी मात्र निराळा प्रश्न विचारला. ज्यांच्यापाशी जमीन वा व्यवसाय आहे ते आणखी श्रीमंत होतील. पण केवळ श्रम करणाऱ्याला वर चढणे पूर्वीपेक्षा कठीण होईल, असे भाकीत त्यांनी केले. रेल्वे कंपन्यांना सरकारकडून मिळालेल्या विस्तीर्ण जमिनी हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

१८६९ च्या सुमारास कामानिमित्त न्यू यॉर्कला गेले असता त्यांना या श्रीमंत शहरातील कमालीचे दैन्य दिसले. पुढे १८७० मध्ये ओकलंडजवळ घोड्यावरून फिरताना त्यांनी एका गाडीवानाला सहज तेथील जमिनीचा भाव विचारला. दूरवरच्या एका ओसाड जमिनीसाठी मालक एकरी हजार डॉलर मागत असल्याचे त्यांना कळले. त्या जमिनीवर कोणी नांगर फिरवला नव्हता किंवा वीटही रचली नव्हती. केवळ लोकवस्ती जवळ येत असल्याने तिचे मोल वाढले होते. या प्रसंगातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे जॉर्ज मानीत. १८७१ मध्ये त्यांनी जमीन धोरणावर पुस्तिका लिहिली व त्याच वर्षाअखेरीस सॅन फ्रान्सिस्को डेली इव्हिनिंग पोस्ट हे दैनिक सुरू केले. १८७५ मध्ये ते त्यांच्या हातून गेले. त्यानंतर त्यांना राज्याच्या गॅस मीटर निरीक्षकाचे पद मिळाले व लेखनासाठी सवड लाभली.

प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी

१८७३ पासून अमेरिकेत दीर्घ आर्थिक मंदी होती. १८७७ मध्ये रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्ज यांनी ग्रंथलेखन सुरू केले व मार्च १८७९ मध्ये ते पूर्ण केले. प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले. अखेर छपाईच्या प्लेट लेखकाने पुरवल्यास पुस्तक काढण्यास ॲपलटन ही प्रकाशन संस्था तयार झाली. जॉर्ज यांनी एका मित्राच्या छापखान्यात मजकूर जुळवून घेतला. काही खिळे त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवले. प्रथम ५०० प्रतींची लेखकाची आवृत्ती निघाली आणि १८८० च्या प्रारंभी ॲपलटनची आवृत्ती बाजारात आली. पुढे अनेक भाषांत अनुवाद होऊन त्याच्या लाखो प्रती खपल्या.

ग्रंथाचा युक्तिवाद डेव्हिड रिकार्डो यांच्या खंडाच्या सिद्धांतावर उभा आहे. लोकसंख्या, यंत्रे व व्यापार वाढला की उत्पादन वाढते; पण जमिनीचा पुरवठा वाढत नाही. त्यामुळे वाढीव उत्पादनाचा मोठा हिस्सा मजुरी किंवा भांडवलावरील मोबदला म्हणून न राहता खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जातो. भाववाढीच्या आशेने लोक जमीन पडीक ठेवतात, मजुरांना कामासाठी जागा उरत नाही आणि अशा सट्ट्यातूनच वेळोवेळी मंदी येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पश्चिमेकडे मोकळी जमीन उपलब्ध होती तोवर अमेरिकन मजुराला वाईट नोकरी सोडून स्वतंत्र होण्याचा मार्ग होता. ती जमीन संपत चालल्याने अमेरिकाही जुन्या युरोपच्या वाटेने जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

लोकसंख्यावाढ हेच दारिद्र्याचे मूळ, हा माल्थस यांचा सिद्धांत त्यांनी अमान्य केला. भारत व आयर्लंडमधील दुष्काळांचा दाखला देऊन, तेथील उपासमार निसर्गाच्या कृपणतेमुळे नव्हे तर शेतकऱ्यांकडून होणाऱ्या वसुलीमुळे ओढवली, असे त्यांनी मांडले. उपाय म्हणून जमीन जप्त न करता तिचा खंड कररूपाने समाजाकडे घ्यावा आणि श्रम, इमारती व व्यापार यांवरील कर रद्द करावेत, असे त्यांनी सुचवले.

राजकीय कार्य

१८८० मध्ये जॉर्ज न्यू यॉर्कला स्थायिक झाले. १८८१-८२ मध्ये आयर्लंडमधील भू-आंदोलनाचे वार्तांकन करताना त्यांना दोनदा अटक झाली. १८८६ मध्ये कामगार संघटनांनी त्यांना न्यू यॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहण्याची विनंती केली. किमान ३०,००० मतदारांच्या सह्यांची अट त्यांनी घातली आणि ती पूर्ण झाली. निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अब्राम ह्युइट ९०,५५२ मते मिळवून विजयी झाले. जॉर्ज यांना ६८,११० मते मिळाली, तर पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट ६०,४३५ मतांसह तिसऱ्या स्थानी राहिले. मतमोजणीत गैरप्रकार झाल्याचा आरोप त्यांच्या समर्थकांनी केला. गुप्त मतपत्रिकेच्या ऑस्ट्रेलियन पद्धतीचा पुरस्कार जॉर्ज १८७१ पासूनच करीत होते.

त्यांचा प्रचार केल्यामुळे सुरू झालेल्या वादातून कॅथलिक धर्मगुरू एडवर्ड मॅकग्लिन यांना १८८७ मध्ये धर्मबहिष्कृत करण्यात आले. १८९२ मध्ये हा बहिष्कार मागे घेतला गेला. १८८७ मध्येच समाजवादी गट जॉर्ज यांच्यापासून दुरावला आणि राज्य पातळीवरील निवडणुकीत त्यांचा मोठा पराभव झाला. प्रोटेक्शन ऑर फ्री ट्रेड (१८८६) या ग्रंथात त्यांनी संरक्षक जकातींना विरोध केला. पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकाला त्यांनी खुल्या पत्राद्वारे उत्तर दिले.

टीका

भांडवलावरील खाजगी मालकी कायम ठेवण्याच्या भूमिकेमुळे कार्ल मार्क्स यांनी जॉर्ज यांच्या योजनेकडे भांडवलशाही वाचवण्याचा प्रयत्न म्हणून पाहिले. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी, प्रगतीबरोबर मजुरांची स्थिती खालावते हे विधान वेतनवाढीच्या आधारे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. कायदेशीर मार्गाने जमीन विकत घेतलेल्यांना भरपाई न देणे अन्याय्य आहे, असाही आक्षेप घेण्यात आला. चिनी स्थलांतरितांना जॉर्ज यांनी केलेला विरोध ही त्यांच्या समतावादी विचारातील ठळक विसंगती मानली जाते.

निधन

डिसेंबर १८९० मध्ये जॉर्ज यांना पक्षाघाताचा झटका आला. १८९७ मध्ये विस्तारित न्यू यॉर्क शहराच्या महापौरपदाची पहिली निवडणूक जाहीर झाली. प्रचाराचा ताण जिवावर बेतू शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरीही ते उभे राहिले. मतदानाला चार दिवस उरले असताना, २९ ऑक्टोबर रोजी पहाटे, दुसऱ्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यदर्शनासाठी लोटलेला जनसमुदाय एक लाखाच्या घरात असल्याचे मानले जाते. ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. द सायन्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी हा त्यांचा अपूर्ण ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रभाव

लिओ टॉलस्टॉय हे जॉर्ज यांचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. रिझरेक्शन या त्यांच्या कादंबरीचा नायक जॉर्ज यांच्या तत्त्वांनुसार जमिनीची व्यवस्था लावतो. जॉर्ज बर्नार्ड शॉ व चीनचे नेते सन यत्-सेन यांच्यावरही त्यांचा प्रभाव होता. डेन्मार्क, तैवान व ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत जमीन मूल्यावर कर आकारला जातो. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात २००१ पर्यंत इमारतींपेक्षा जमिनीवर अधिक दराने कर होता. जमीनदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी लिझी मॅगी या जॉर्जवादी महिलेने तयार केलेल्या खेळाला १९०४ मध्ये पेटंट मिळाले. त्यातूनच 'मोनोपॉली' आणि पुढे भारतात लोकप्रिय झालेला 'व्यापार' हे खेळ आले. मूळ हेतू मात्र मागे पडला. सार्वजनिक खर्च व जमिनीचा खंड यांचा संबंध सांगणाऱ्या आधुनिक अर्थशास्त्रातील एका प्रमेयाला हेन्री जॉर्ज यांचे नाव देण्यात आले आहे.