अवघ्या ५ मतांनी खासदार! दादाभाई नौरोजी आणि लंडनच्या 'त्या' मतदारसंघाची गोष्ट

लोणार : नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातील बुलढाणा विधानसभेचा निकाल ८४१ मतांनी लागला, तेव्हा शेवटच्या फेरीपर्यंत कुणाच्या हातातून मोबाईल सुटला नव्हता. त्याच वर्षीच्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमची जागा तर ४८ मतांवर फिरली. पण १८९२ मध्ये मुंबईचा एक माणूस थेट लंडनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून गेला, तो किती मतांनी? पहिल्या मोजणीत ३ आणि फेरमोजणीत ५. मतदान झालं होतं सुमारे ५,९०० जणांचं.

तो माणूस म्हणजे दादाभाई नौरोजी. सीएसएमटी स्टेशनसमोरून जाणाऱ्या डी. एन. रोडच्या नावातले 'डी. एन.' हेच.

गणिताचा प्राध्यापक लंडनला कसा पोहोचला?

जन्म ४ सप्टेंबर १८२५, गरीब पारशी कुटुंबात. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाचं शिक्षण त्यांनी थांबू दिलं नाही. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून दादाभाई तिथेच गणित शिकवू लागले आणि त्या संस्थेतले पहिले भारतीय प्राध्यापक झाले. मुंबईत मुलींच्या शाळा सुरू करणाऱ्या तरुणांमध्ये ते होते. १८५१ मध्ये त्यांनी 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र काढलं.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. कंपनी अफू आणि दारूच्या व्यापारातही होती, ते काही त्यांना पटलं नाही. ते बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची कापसाची पेढी काढली. कापूस म्हटलं की आपल्या भागाचा विषय आलाच. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली ती वऱ्हाडचा कापूस बंदरावर नेण्यासाठीच.

व्यापार करता करता दादाभाई हिशेब मांडू लागले : भारतातून इंग्लंडला दरवर्षी किती पैसा जातो आणि परत किती येतो? भारतीय माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न त्यांनी २० रुपयांच्या आसपास काढलं. सरकारी आकडेच घेऊन सरकारला कोंडीत पकडायची त्यांची पद्धत होती. आज याला आपण डेटा म्हणतो. त्यांनी हे सगळं हाताने केलं, हे लक्षात घ्या.

पण ब्रिटिश संसदच का?

कारण भारताचा खर्च, लष्कर आणि नोकरभरती यांबाबत शेवटचा शब्द लंडनचा होता आणि त्या संसदेत भारतीयांचा एकही प्रतिनिधी नव्हता. लोणारचंच बघा. तेव्हाचं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार मात्र इंग्रजांकडे. शेतसारा भरणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला मतदान नावाची गोष्टच नव्हती. गंमत अशी, की भारतात मत नसलेला ब्रिटिश प्रजाजन इंग्लंडमध्ये मात्र निवडणूक लढवू शकत होता. दादाभाईंनी हीच फट पकडली.

पहिला प्रयत्न १८८६ मध्ये, लंडनच्या होलबॉर्नमधून, उदारमतवादी पक्षातर्फे. हुजूर पक्षाचे कर्नल डंकन ३,६५१ मतं घेऊन जिंकले, दादाभाईंना १,९५० मिळाली. ही जागा हुजूर पक्षाची भक्कम होती आणि तयारीला वेळही मिळाला नव्हता.

दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिनबराच्या सभेत या निकालाचा उल्लेख केला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की काळ्या माणसाला निवडून देण्याइतका इंग्लिश मतदार अजून तयार झालेला नाही. हे वाक्य त्यांच्यावरच उलटलं. सॅलिसबरींपेक्षा दादाभाईच गोरे दिसतात, अशी टिंगल वर्तमानपत्रांनी केली. होलबॉर्नबाहेर फारसं माहीत नसलेलं हे नाव देशभर पोहोचलं. आजच्या भाषेत व्हायरल झालं.

सेंट्रल फिन्सबरी : जागा नेमकी कशी होती?

हा मतदारसंघ १८८५ च्या फेररचनेत तयार झाला होता. त्यात क्लार्कनवेलचा भाग येत होता. घड्याळं बनवणारे कारागीर, छोटे दुकानदार, कामगार अशी वस्ती. मत फक्त पुरुषांना, तेही सगळ्यांना नाही. समोर हुजूर पक्षाचे विद्यमान खासदार कॅप्टन पेंटन. जवळच्या पेंटनव्हिल भागाला ज्यांचं नाव मिळालं, ते हे जमीनदार घराणं.

१८८८ मध्येच दादाभाईंची इथून निवड झाली, पण त्यांच्याच पक्षातल्या एका गटाला ती मान्य नव्हती. त्या गटाने रिचर्ड ईव्ह यांना पुढे केलं आणि वाद अगदी निवडणुकीच्या तोंडापर्यंत चालला. तिकिटाची भांडणं तेव्हाही अशीच! दादाभाई या काळात मतदारसंघ सोडून हलले नाहीत. आयर्लंडला स्वराज्य, स्त्रियांना मताधिकार, कामगारांचे प्रश्न यांवर ते बोलत राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला.

माझ्या मते ही निवडणूक सॅलिसबरींच्या वाक्यापेक्षा या चार वर्षांच्या गल्लीबोळातल्या कामाने जिंकली. वाक्याने ओळख मिळाली, पण ५ मतांचा फरक वाक्याने पडत नाही.

जुलै १८९२ मध्ये निकाल आला. नौरोजी हे नाव इंग्रजांना उच्चारता येत नव्हतं, त्यात मताधिक्य एवढंसं. मग त्यांनी नावच पाडलं, 'नॅरो मेजॉरिटी'. संसदेत दादाभाईंनी शपथ घेतली ती पारशी धर्मग्रंथ अवेस्तावर.

त्या ५ मतांनी काय साधलं?

२ जून १८९३ रोजी सभागृहात एक ठराव आला : आयसीएसची परीक्षा लंडनबरोबरच भारतातही घ्यावी. तोवर ती फक्त लंडनला होत असे. म्हणजे बोटीचा खर्च परवडणाऱ्यालाच कलेक्टर होण्याची संधी. ठराव मांडला हर्बर्ट पॉल यांनी, त्यामागे दादाभाई होते. ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो मंजूर झाला. भारतातल्या इंग्रज सरकारने विरोध केला आणि अंमलबजावणी झालीच नाही.

१८९५ मध्ये दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत मंचेरजी भावनगरी हे दुसरे पारशी लंडनमधूनच निवडून आले, पण ते हुजूर पक्षाचे. संसदेबाहेरही दादाभाई थांबले नाहीत. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते, १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली ती याच आयोगापुढे. १९०१ मध्ये त्यांचा संपत्तीच्या निःसारणावरचा ग्रंथ आला. १९०६ मध्ये ते नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले आणि तिसरे आले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ८१ व्या वर्षी, कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी अध्यक्षपदावरून स्वराज्य हे ध्येय मांडलं. अर्ज, आकडे, ठराव, अगदी खासदारकी, सगळं करून झाल्यावर आलेली ही मागणी होती.

३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघही रद्द झाला. तो भाग आता इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरीमध्ये येतो आणि क्लार्कनवेलमध्ये नौरोजी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. आयसीएसची परीक्षा भारतात सुरू झाली १९२२ मध्ये, ठराव मंजूर झाल्यानंतर २९ वर्षांनी.