देणाऱ्या हाताचा हक्क : अहिल्याबाई होळकर

आजचं वाचन : गीता, अध्याय 17, श्लोक 20

सात्त्विक दान कोणतं, ते भगवंतांनी इथे सांगितलं आहे. देणं हे कर्तव्य समजून, परतफेडीची आशा न धरता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. पण द्यायचं तर आधी हाती काही आपलं असावं लागतं ना! प्राणहितेच्या पुष्करात आपल्या सिरोंच्याच्या घाटावर किती बाया स्नान करून दान देतात. त्यातला पैसा स्वतःच्या मर्जीने देता येतो, अशा किती?

म्हणून आज अहिल्याबाईंची आठवण.

जन्म 1725 चा, चौंडी गावचा. होळकरांच्या घरात सून म्हणून आल्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी अडवलं. 1766 मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. मग राज्याचा भार अंगावर आला. महेश्वरी राहून त्यांनी तो 1795 पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत वाहिला.

त्यांच्या दानाचं मूळ एका बाईच्याच हक्कात आहे. होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. ही खासगी जहागीर 1734 मध्ये सासूबाई गौतमाबाईंच्या नावे मिळालेली, ती पुढे सुनेकडे आली. या खासगीवर अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवलं, म्हणजे ती धर्मकार्याला वाहिली. त्यातून काशी विश्वनाथाचं मंदिर उभं राहिलं, गयेचं विष्णुपद मंदिर झालं. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं तर किती ठिकाणी! उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी, नांगराच्या बैलांनाही पाणी.

पण मला त्यांचं मोठेपण आणखी एका गोष्टीत दिसतं. निपुत्रिक माणूस गेला की त्याची संपत्ती सरकारजमा व्हायची. खरगोणचे दोन सावकार भाऊ असेच वारले. त्यांच्या विधवा धन घेऊन अहिल्याबाईंकडे आल्या. त्यांनी ते घेतलं नाही. तुमचं आहे, तुम्हीच लोकांच्या उपयोगी लावा, असा सल्ला दिला. त्या बायांनी गावच्या नदीला घाट बांधला, मंदिर उभारलं, असं सांगतात.

विचार करा, ते धन ठेवून घेऊन राणीला स्वतःच्या नावाने आणखी एक घाट बांधता आला असता. तिने दोघींना दाता होऊ दिलं. परतफेडीची आशा नाही, पुण्याचाही लोभ नाही. श्लोकातलं दान यापेक्षा वेगळं काय असेल?

आज मनन एवढंच : आपल्या घरात दान कोणाच्या हातून होतं, आणि ते किती द्यायचं हे कोण ठरवतं? बचत गटात पै-पै जमवणाऱ्या आईला, सुनेला एकदा विचारून पाहा, तिला कोणाला काय द्यावंसं वाटतं. आणि मग तिला देऊ द्या.

जय हरी.