इन्शुलिन येण्याआधीचा मधुमेह: लोकमान्य टिळकांनी साखर कशी आवरली?

रायगडावरचा शिवउत्सव आणि शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराचा निधी यांमुळे रायगड जिल्ह्यात लोकमान्य टिळकांचे नाव सतत निघते. त्यांच्या मधुमेहाबद्दल मात्र क्वचितच बोलले जाते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. तब्येत किरकोळ म्हणून त्यांनी कॉलेजात एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम केली होती. पुढे त्याच कमावलेल्या शरीराला मधुमेह जडला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात गेले, तेव्हा वय होते ५२.

तेव्हा उपचार काय होता?

पथ्य, एवढाच. स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन हे हार्मोन रक्तातली साखर पेशींत पोहोचवते. ते कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की साखर रक्तात साठते आणि लघवीवाटे जाऊ लागते. जाताना पाणी आणि सोडियम, पोटॅशियमसारखे क्षारही नेते. म्हणून सारखी तहान लागते, अशक्तपणा येतो. इन्शुलिन जवळपास संपलेच, तर शरीर चरबी जाळते, कीटोन आम्ले साठतात आणि रक्तातील आम्लाचा तोल बिघडतो. त्या काळी असा रुग्ण सहसा वाचत नसे.

टिळकांनी हा आजार अनेक वर्षे काढला. म्हणजे त्यांच्या शरीरात थोडेफार इन्शुलिन बनत असावे. आज ज्याला टाइप-२ म्हणतात तसा हा प्रकार असावा, हा अर्थात अंदाज.

तुरुंगात त्यांनी जवाच्या पिठाचा आहार धरला. जवातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. हे शास्त्र नंतरचे, पण पथ्य योग्यच होते. याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले.

जून १९१४ मध्ये सुटका झाली. त्यानंतर १९१६ ची होमरूल लीग, मग चिरोल खटल्यासाठी इंग्लंडवारी. साठीतल्या मधुमेही माणसाला ही धावपळ सोपी नव्हती. जुलै १९२० मध्ये मुंबईत ताप आला आणि १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी कॅनडातील टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. टिळकांना जाऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते.