माशिकोचा कुंभार

जपानमध्ये टोकियो शहराच्या उत्तरेस माशिको नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील कुंभार पाण्याचे रांजण, खल, चहाच्या किटल्या अशी रोजच्या वापरातील भांडी करीत. किटल्यांवर हाताने साधी चित्रेही रंगवीत. परंतु भांड्यावर आपले नाव कोणी घालीत नसे. १९२४ साली या कुंभारांत एक सुशिक्षित तरुण राहावयास आला. त्याचे नाव शोजी हमादा.

हमादांचा जन्म १८९४ साली टोकियोजवळील कावासाकी येथे झाला. लहानपणी त्यांना चित्रकलेची ओढ होती. परंतु चित्र फसले तर वाया जाते, भांडे बेताचे जमले तरी कोणाच्या तरी उपयोगी पडते, असा विचार करून त्यांनी कुंभारकाम पत्करले. तंत्रशिक्षण संपवून क्योतो येथील प्रयोगशाळेत कांजिरो कावाई या मित्रासह त्यांनी झिलईचे असंख्य प्रयोग केले. १९२० साली बर्नार्ड लीच या इंग्रज मित्राबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथे सेंट आइव्हज या गावी दोघांनी भट्टी बांधली. १९२३ साली हमादांच्या भांड्यांचे लंडनमध्ये प्रदर्शन भरले. कीर्तीचे दार असे उघडले असताना त्यांनी मायदेशी परतून खेड्याची वाट धरली.

माशिकोची माती जाडीभरडी. तीत नाजूक काम होत नसे. परंतु बाहेरून चांगली माती न आणता या मातीला जे शोभेल तेच करावयाचे, असा हमादांनी निश्चय केला. झिलईसाठी तेथलाच दगड व राख त्यांनी वापरली. ओकिनावा बेटावर त्यांनी वाऱ्यावर डोलणारा ऊस पाहिला होता. कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांनी तो त्यांनी थाळ्यांवर उतरविला आणि आयुष्यभर पुनःपुन्हा रंगविला. मोठ्या थाळीवर पळीने झिलई ओतून ते क्षणार्धात नक्षी उमटवीत. पंधरा सेकंदांच्या या कामाचे मोल एवढे कसे, असे एकदा कोणी विचारले. तेव्हा त्या पंधरा सेकंदांत साठ वर्षेही मिळवावीत, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

सामान्य कारागिरांच्या कलेला मान मिळावा, म्हणून सोएत्सु यानागी, कावाई व हमादा यांनी १९२५ साली तिला ‘मिंगेई’ म्हणजे लोककला हे नाव दिले. १९३६ साली तिचे संग्रहालय टोकियोत उभे राहिले. १९५५ साली जपान सरकारने हमादांचा ‘राष्ट्राचा जिवंत ठेवा’ म्हणून गौरव केला. तरीही इंग्लंडहून परतल्यावर भांड्यावर सही न करण्याचा जो नियम त्यांनी घातला होता, तो मोडला नाही. ज्या निनावी कुंभारांपासून आपण शिकलो, त्यांच्याच पंक्तीस त्यांना बसावयाचे होते.

१९७८ च्या जानेवारीत माशिको येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या थाळ्या आज देशोदेशीच्या संग्रहालयांत आहेत. थाळी उलटी करून नाव शोधणाऱ्यास ते सापडत नाही. परंतु सुलट करताच डोलणारा ऊस दिसतो आणि कुंभाराची ओळख पटते.