मोखा ते अहमदनगर : मलिक अंबरची वाट



अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एका धर्मग्रामात उन्हाळी सुटीत मुलांचे शिबिर भरले होते. भिंतीवर आशिया व आफ्रिका खंडांचा नकाशा टांगलेला होता. ज्याचे वडील कुवेतमध्ये नोकरीस आहेत अशा एका दहा वर्षांच्या मुलाला आम्ही कुवेत दाखविण्यास सांगितले. त्याचे बोट आधी राजस्थानच्या वाळवंटावर गेले, मग इराणवर आणि शेवटी अरबस्तानच्या विस्तीर्ण पिवळ्या पट्ट्यावर येऊन अडखळले. कुवेत, कतार, बहारीन या देशांची नावे त्या नकाशात समुद्राच्या निळ्या रंगावर छापलेली होती. जमिनीवर त्यांना जागाच नव्हती. त्यावरून कुवेत पाण्यात आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. इतर मुले हसली. आम्हांला हसू आले नाही. ज्या देशातून त्याच्या घरची चूल पेटते, तो देश त्याला सापडत नव्हता.

देशांची नावे पाठ करवून घेणे सोपे आणि दुसऱ्या दिवशी ती विसरणे त्याहून सोपे. म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली व मुलांना एका मुलाच्या वाटेवरून बोट फिरविण्यास सांगितले. तो मुलगा सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी त्या सर्व वाळवंटी मुलखाला वळसा घालून आपल्याच नगरला पोहोचला होता. इतिहास त्याला मलिक अंबर या नावाने ओळखतो.

पहिले बोट आफ्रिकेच्या पूर्वेस, इथिओपियावर. प्रेषितांच्या कृत्यांत गाझाच्या निर्जन रस्त्यावर फिलिपला भेटलेला राणीचा खजिनदार आमच्या वाचकांना आठवेल. मात्र बायबलमधील तो इथिओपिया म्हणजे मुख्यतः आजच्या सुदानचा भाग. नावे आपली जागा बदलतात, हे नकाशा शिकणाऱ्याने आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे. आजच्या इथिओपियाच्या भूमीत इ. स. १५४८ च्या सुमारास चापू नावाचे मूल जन्मले आणि कोवळ्या वयातच गुलाम म्हणून विकले गेले.

आजच्या इथिओपियाला समुद्रकिनारा नाही. उंच पठार उतरून तापलेला रखरखीत सखल प्रदेश ओलांडला की किनारा लागतो, आणि तो किनारा आज एरिट्रिया, जिबूती व सोमालिया या तीन देशांचा आहे. चापूच्या काळी या सीमा नव्हत्या. एरिट्रिया तर १९९३ मध्ये वेगळा झाला. समोर तांबडा समुद्र आणि त्याच्या दक्षिण टोकाशी बाब-अल-मंदब ही चिंचोळी सामुद्रधुनी. या अरबी नावाचा अर्थ शोकाचे द्वार असा होतो.

पलीकडे येमेन. तेथील मोखा बंदर पुढे कॉफीसाठी जगभर प्रसिद्ध झाले. आजही कॉफीच्या दुकानांत त्याचे नाव ऐकू येते. या मोखाच्या बाजारात चापू ८० गिल्डरांना विकला गेला. ही किंमत पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने नोंदवून ठेवली. तो १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. म्हणजे सत्तरीच्या घरातील, एका राज्याचा सर्वेसर्वा झालेल्या माणसाच्या दरबारातही त्याची ती किंमत विसरली गेली नव्हती.

मोखापाशी आम्ही मुलांना थोडे थांबविले, कारण येथे अरबी द्वीपकल्प संपूर्ण नजरेस येते. आकार एखाद्या जाडजूड बुटासारखा. नैर्ऋत्य कोपऱ्यात येमेन, आग्नेय कोपऱ्यात ओमान. ओमानला लागून वर संयुक्त अरब अमिराती, त्यापुढे आखातात अंगठ्यासारखे घुसलेले कतार, अंगठ्याशेजारचे छोटे बेट बहारीन, आणि आखाताच्या अगदी माथ्याशी, इराक व सौदी अरेबियाच्या बेचक्यात, कुवेत. उरलेला मध्यभाग बहुतेक सारा सौदी अरेबियाचा. दक्षिणेकडे रुब अल खाली हे वाळूचे वाळवंट पसरले आहे. ते महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे असून चार देशांत वाटले गेले आहे. सौदी अरेबिया हे नाव १९३२ चे. कुवेत १९६१ मध्ये, तर कतार, बहारीन व अमिराती १९७१ मध्ये स्वतंत्र झाले. चापूच्या काळी मक्केपासून बगदादपर्यंत तुर्की सुलतानाचा अंमल होता.

मोखाहून बगदादकडे जाण्यास व्यापाऱ्यांना दोन वाटा होत्या. एक तांबड्या समुद्रातून जेद्दापर्यंत व तेथून उंटांच्या काफिल्याबरोबर उत्तरेकडे. दुसरी द्वीपकल्पाला दक्षिणेने वळसा घालून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बसऱ्याला. मुलांनी दोन्ही वाटांवर बोट फिरविले, आणि या दोन फेऱ्यांतच अर्धा नकाशा त्यांच्या ध्यानात राहिला.

बगदादमध्ये चापूला एका मातब्बर व्यापाऱ्याने विकत घेतले. मुलाची बुद्धी पाहून त्याने त्याला शिकविले, इस्लाम धर्मात घेतले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना अत्तरांची व रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. मालमत्तेला शोभेलसे नाव, एवढेच तिचे प्रयोजन असावे असे आम्हांला वाटते.

तेथून पुढची वाट समुद्राची : बसरा, आखात, अरबी समुद्र आणि भारताचा पश्चिम किनारा. १५७० च्या दशकाच्या प्रारंभी निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने अंबरला विकत घेतले. हा पेशवा स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच वर आला होता. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. काही वर्षे तो विजापूरकरांच्या चाकरीत होता. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. १५९५ च्या सुमारास दीडशे स्वारांनिशी तो निजामशाहीत परतला.

तो काळ चांदबिबीचा. तिने मोगलांविरुद्ध लढविलेला नगरचा किल्ला आमच्या वाचकांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, किल्ला पडला, सुलतान कैदेत गेला. राज्य बुडाले असे सर्वांनी धरले. अंबरने परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तजा निजामशहा यास गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि पुढील पाव शतक हे बुडालेले राज्य चालविले. डोंगराळ मुलखाचा आणि मराठा स्वारांच्या चपळाईचा उपयोग त्याने असा केला की मोगल सेनापतींमागून सेनापती थकले. जहांगीर बादशहाने अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडीत असल्याचे चित्र काढवून घेतले. ते मस्तक प्रत्यक्षात त्याच्या हाती कधीच लागले नाही.

महसुलाच्या कामात त्याने मक्तेदारीची पद्धत काढून टाकली, जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरविला. १६१० मध्ये त्याने वसविलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने डोंगरातील पाणी भूमिगत नळांनी आणले. ती नहर-ए-अंबरी आजही ओळखली जाते.

येथवर मुले खूष होती. पुढचे सांगावे की नाही असा विचार आमच्या मनात आला, पण सांगितले. ज्याला स्वतःला विकले गेले होते त्या अंबरच्या सैन्यात हजारो हबशी होते, आणि त्यांतील अनेक जण त्याच्यासारखेच विकत आणलेले होते. बाजार त्याने बंद केला नाही. तो त्याचा ग्राहक झाला. डच व्यापाऱ्याने आणखी एक हकीकत नोंदविली आहे. सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले. अंबरने सुलतान व राणी दोघांनाही विष देवविले. मोखा सोडून तेव्हा त्याला चार दशके होत आली होती.

१६२४ मध्ये मोगल व विजापूर यांच्या एकत्रित फौजा नगरवर चालून आल्या. शहराजवळच्या भातोडी येथे निजामशाहीच्या काळातील तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला, तोफा व हत्ती अडकले, आणि अंबरने मोठा जय मिळविला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने होते. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. नगरहून भातोडीला सहज जाऊन येता येते; आमच्या तरुण मंडळांनी एखादी सहल तिकडे अवश्य न्यावी.

१६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या उंबरठ्यावर, मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यानंतर निजामशाही जेमतेम दहा वर्षे टिकली.

शिबिर संपताना त्या मुलाने आम्हांला विचारले की ८० गिल्डर म्हणजे आपले किती रुपये. आम्हांला सांगता आले नाही. मग त्याने आखाताच्या माथ्याशी, जमिनीवर, पेन्सिलीने एक टिंब काढले आणि तेथून आखात, होर्मुझ, अरबी समुद्र अशी रेघ ओढीत नगरपर्यंत आणली. वडील कधी येणार, हे त्याला आधीच ठाऊक होते : नाताळच्या आदल्या आठवड्यात, सुटी मिळाली तर.